सहा पॉइंट नऊ

म्हाळूआबा कुरकुंभच्या कंपनीत नेमकं काय करतात, हे राहू गावात कुणालाच धड सांगता येत नसे. त्यात गावाचा दोष नव्हता. ती कंपनी नेमकं काय करते, हे आबांनाही बारा वर्षांत कळलं नव्हतं. औषधाच्या अलीकडचं काहीतरी पांढरं तिथं तयार होई आणि निळ्या पिंपांत भरून पुढच्या कंपनीत जाई. त्याची गोळी कुठली होते आणि ती कुणाच्या घशाखाली उतरते, अशा चौकशा करायची तिथं पद्धत नव्हती. आबांचं काम एवढंच, की प्रत्येक पिंपातून नमुना काढायचा. लांब पोकळ सळई घालून वरचा, मधला आणि तळाचा असा माल घ्यायचा, बाटलीत भरायचा, बाटली कोरडी पुसायची, चिठ्ठीवर सही करायची आणि लॅबमध्ये पोचवायची. तोवर पिंपावर पिवळी चिठ्ठी. रिपोर्ट चांगला आला की हिरवी, वाईट आला की लाल. लाल चिठ्ठी लागलेल्या पिंपाची बाजू घ्यायला कुणी येत नसे.

त्यातला काही माल नाजूक. उन्हानं बिघडायचा. त्याचा नमुना बर्फात घालून न्यायचा असा लेखी नियम होता. बाकीचे लोक हा नियम हिवाळ्यात पाळत. आबा मात्र मे महिन्यातही पाळत. एकदा बर्फ संपला म्हणून त्यांनी कँटीनमधला उचलला आणि पाहुण्या साहेबांना कोमट सरबत प्यावं लागलं. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. तो त्यांनी घरी पत्र्याच्या पेटीत, मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी जपून ठेवला होता.

आबा स्वतः नववी नापास. औद्योगिक वसाहत झाली नव्हती तोवर नवरा-बायको दोघंही दुसऱ्याचा ऊस तोडत. पार्वतीबाई पाठीवर मोळी आणि पोटात सम्राट अशा गुऱ्हाळापर्यंत चालत गेलेल्या. त्यामुळं कंपनीचा गणवेश पहिल्यांदा अंगावर आला तेव्हा आबांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली. माणसं चेहरा बघून, आडनाव ऐकून मत बनवतात. रिपोर्ट तसं करत नाही. रिपोर्टला फक्त नमुना कळतो. तेव्हा नमुना चोख असला पाहिजे.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात पार्वतीबाईंच्या छातीतली कॅन्सरची गाठ पुण्याला काढली. पुढच्या मार्चमध्ये तोच आजार कमरेच्या मणक्यात निघाला. उसाच्या पाचटानं हात चिरले तरी हूं न करणारी बाई आता कूस बदलताना ओरडायला लागली. शेजारपाजारच्यांनी आपापल्या घरातला टीव्ही मोठा केला. त्यांचाही नाइलाज होता. सम्राट पिंपरीला नोकरीला, म्हणून न्हावऱ्याहून पार्वतीबाईंची धाकटी बहीण रंभा राहायला आली.

पुण्याच्या डॉक्टरांनी मग मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. चार-चार तासांनी एक, घड्याळ लावून. ही गोळी अफूपासून होते ही माहिती गावातले कंपाउंडर सोपानराव यांनी घरोघर विनामूल्य पोचवली. "म्हाळूनं बायकूला अफू लावली," असं पारावर दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पार्वतीबाई भिंतीला टेकून बसल्या, मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि रंभाला म्हणाल्या, "ही भाकर हाय का गाडीचं चाक?" घरात पुन्हा खोड्या काढायला सुरुवात झालेली ऐकून आबा अंगणात गेले आणि उगीचच आपली एम-एटी गाडी पुसत बसले.

दर महिन्याला रक्त तपासायचं, असं पुण्याहून लिहून दिलं होतं. किडनी आणि पोटॅशियम. जीपमधून दौंडपर्यंतचे धक्के पार्वतीबाईंना सोसणारे नव्हते, म्हणून सोपानरावांनी घरीच रक्त काढायचं आणि आबांनी ते दौंडच्या लॅबमध्ये द्यायचं असं ठरलं. मंगळवारी संध्याकाळी सोपानरावांनी नळी भरून दिली. लॅब बंद झालेली. दुसऱ्या दिवशी आबांची पहिली पाळी. म्हणजे नळी लॅबमध्ये पोचणार बुधवारी दुपारी चारला. मे महिना. आबांनी क्षणभरही विचार केला नाही. गोळेवाल्याकडून बर्फ आणला, थर्मासमध्ये भरला, नळी त्यात उभी केली. पाळीवर जाताना थर्मास बरोबर घेतला, दोनदा बर्फ बदलला. लॅबच्या दारात नळी काढून कोरडी पुसली, शर्टाच्या खिशात घातली आणि आत जाऊन काउंटरवर ठेवली. काउंटरवरच्या माणसानं वर न बघता पावती फाडली. असा नमुना या लॅबला क्वचितच मिळत असेल, असं आबांना वाटलं. ते खरंच होतं.

गुरुवारी दौंडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला आणि चष्मा पुसला.

"पोटॅशियम सहा पॉइंट नऊ आहे. पाचच्या आत पाहिजे."

"जास्त झालं म्हंजी काय व्हतं?"

"हृदयाची लय बिघडते. चालता चालता थांबूही शकतं."

"कवा?"

"ते सांगता येत नाही."

डॉक्टर मनुष्य सावध. किडनीचे आकडे बरे होते, मग हे वाढलं कशानं, म्हणून त्यांनी कपाटातून जाड पुस्तक काढलं. बराच वेळ बोट फिरत राहिलं आणि एका ओळीवर थांबलं. या जातीच्या वेदनाशामक औषधांनी काही रुग्णांत क्वचित पोटॅशियम वाढू शकतं. आबांनी मान हलवली. त्यांच्या अनुभवात 'क्वचित' हा शब्द नेहमी त्यांच्याच घराचा पत्ता विचारत यायचा.

"तूर्त गोळी थांबवू," डॉक्टर म्हणाले. "ही दुसरी, साधी देतो. पोटॅशियम उतरायला ही पावडर पाण्यातून द्या. शहाळं, केळी, मोसंबी, टोमॅटो बंद. त्यांना जीपमध्ये घालून आणा, हृदयाची पट्टी, ईसीजी, काढू. आणि सोमवारी पुन्हा रक्त."

"साध्या गोळीनं राहील का दुखायचं?"

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "जीव आधी," ते म्हणाले.

घरी आल्यावर आबांनी मॉर्फिनची पाकिटं स्टीलच्या डब्यात घातली, डबा वरच्या फळीवर ठेवला आणि खिशात नेहमी असणाऱ्या चिठ्ठ्यांतली एक डब्याला लावली. लाल.

पहिली रात्र कशीबशी गेली. शुक्रवारी सकाळपासून पार्वतीबाईंना घाम सुटायला लागला, पोटात मुरडा येई, आणि मणक्यातलं दुखणं जणू रजेवरून परत आल्यासारखं कामाला लागलं. जीपचं नाव काढलं तरी त्या पलंगाची पाटी घट्ट धरत.

"मरायचंच आसंल तर घरात मरती. त्या जीपीत न्हाई."

"आगं, पट्टी काढायची हाय हृदयाची."

"हृदय न्हाई दुखत माझं. कंबर दुखती. एक गोळी द्या वो."

"न्हाई द्येता येत. रिपोर्ट खराब हाय."

"रिपोर्टला दुखतंय का?"

बारा वर्षांत एकाही पिंपानं त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता.

त्यांनी रजा टाकली. पलंगाशेजारी स्टूल ओढून ते बायकोचं मनगट धरून बसले. दुसऱ्या हातात घड्याळ. ब्याण्णव. शहाण्णव. पुन्हा ब्याण्णव. एक ठोका लागला की दुसरा लागेपर्यंतची जागा त्यांना फार मोठी वाटायची. गोळी दिली आणि हृदय थांबलं तर? गोळी न देता हिनं असाच दम तोडला तर? दोन्ही बाजूंना पार्वतीबाईच होत्या. मधेच ठोका चुकल्यासारखा वाटे. मग लक्षात येई, की ठोका चुकला नव्हता, आपला आकडा चुकला होता.

शनिवारी न्हावऱ्याचा मच्छिंद्र आला. आबांच्याच पाळीतला ऑपरेटर, मोठ्या आवाजाचा, मोटारसायकलच्या हँडलला सहा शहाळी लटकवून.

"जयभीम आबा! वैनीला शहाळी आणली. पाजा, ताकद येती."

"न्हाई चालत."

"शहाळं न्हाई चालत? आजारी माणसाला?"

"त्यात पोटॅशियम असतंय."

मच्छिंद्रनं शहाळं उलटंपालटं करून बघितलं. "आपल्या गोदामात गोणीनं येतं, त्ये?"

"त्येच."

"मंग नारळाच्या झाडाला लायसन कुणी दिलं?"

पलंगावरून पार्वतीबाई हसल्या आणि हसण्याच्या धक्क्यानं कण्हल्या. मच्छिंद्र ओशाळला. आजाऱ्याच्या घरी आणलेलं परत न्यायचं नसतं, म्हणून त्यानं तिथंच बसून चार शहाळी प्यायली; दोन रंभानं संपवली.

निघताना अंगणात तो हळू आवाजात म्हणाला, "आबा, रागावू नका. रिपोर्ट दुसऱ्यांदा करून बघितला का? आपल्याकडं बॅच लाल झाली की प्रोडक्शनवाले पहिलं काय म्हणत्यात?"

"काय?"

"सॅम्पलरनं घाण केली म्हणत्यात."

"मच्छिंद्र," आबा म्हणाले, "त्यो नमुना मी सोता नेलाय. एकवीस तास बर्फात. माझ्या नमुन्यात खोट काढायची असली तर पुन्हा या घरात शहाळी पियाला येऊ नको."

मच्छिंद्रनं किक मारली. घरातून कण्हण्याचा आवाज येत होता. रविवारी तो आवाजही कमी झाला, आणि ते जास्त वाईट होतं. पार्वतीबाई आता गोळी मागत नव्हत्या. भिंतीकडं तोंड करून पदर दातात धरून पडून होत्या.

सोमवारी सकाळी आबा दौंडला गेले. या खेपेला रिपोर्टमध्ये खोट राहता कामा नये, म्हणून एम-एटीच्या पिशवीत दोन थर्मास होते. एक फुटला, बर्फ संपला, काही झालं, तर दुसरा.

लॅबमध्ये काउंटरवर माया होती. इथली मुख्य तंत्रज्ञ तीच. मागचा आठवडाभर ती भावाच्या लग्नासाठी सुट्टीवर होती. आबांनी तिच्यापुढं मागचा रिपोर्ट ठेवला.

"ताई, चांगल्यातली नळी द्या. सोपानरावांकडची जुनी नको. सांच्याला रक्त काढतो आन् उद्या आणून देतो. आन् काळजी करू नका," त्यांनी पिशवीतून दोन्ही थर्मास काढून काउंटरवर मांडले, "मागच्या वेळंला एकच व्हता, आता दोन आणल्यात."

"हे कशाला?"

"बर्फाला."

मायानं पेन खाली ठेवलं. "काका, मागचं रक्त बर्फात आणलं होतं?"

"एकवीस तास," आबा म्हणाले. "एक मिनिट ऊन लागू दिलं न्हाई."

त्यांना वाटलं, आता ही काउंटरवरच्या त्या माणसाला बोलावून दाखवेल, की बघ, नमुना असा आणतात. तिनं उलट आबांनाच आत बोलावलं, बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. लॅबमध्ये कुणी असं पाणी द्यायला लागलं की माणसानं समजून घ्यावं.

"काका, कंपनीत कामाला आहात ना? मग असं समजा, की रक्तातल्या पेशी म्हणजे बारकी पिंपं. पोटॅशियम या पिंपांच्या आत असतं. पेशी जिवंत आहेत तोवर त्या ते आत ओढून धरतात. रक्त गार केलं की ते ओढणं थांबतं. मग तासातासाला ते बाहेर पाझरतं. आम्ही मोजतो ते बाहेरचं."

"मंग सहा पॉइंट नऊ?"

"त्यातलं बरंचसं नळीत पाझरलेलं असेल. त्यांच्या अंगात नसेलच."

आबांनी थर्मासकडं बघितलं. "आन् बर्फ न घालता, त्याच दिवशी, तासाभरात आणलं असतं तर?"

"चाललं असतं."

"नुसतं खिशात?"

"नुसतं खिशातसुद्धा."

गुरुवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, साडेतीन दिवस. दिवसाला सहा. एकवीस गोळ्या. आबांनी हा हिशेब कुणी न विचारता केला आणि तो एकदम बरोबर आला.

"पण मी एवढ्यावरून गोळीला सोडलं असं म्हणत नाही," माया म्हणाली. "गोळीचाही हात असू शकतो. परत बघितलं पाहिजे. आणि या वेळी तुम्ही काही आणायचं नाही. मीच येते."

पिशवीत नळ्या, सुया आणि एक हातानं फिरवायचं लोखंडी यंत्र घेऊन माया एम-एटीवर मागं बसली. दौंड ते राहू आबांनी गाडी अशी चालवली, की सायकलवाल्यांनी ओव्हरटेक केलं. नदीच्या पुलावर त्यांना वाटलं, घरी पोचेपर्यंत मनगटातला ठोका थांबलेला असेल आणि मग कुठल्या नळीत काय होतं याला काही अर्थ उरणार नाही. मग त्यांनी गाडी जोरात हाणली.

पार्वतीबाई जाग्या होत्या. मायानं शीर शोधून हलक्या हातानं रक्त काढलं, यंत्र टेबलाच्या कडेला आवळलं, नळी त्यात बसवली आणि मूठ धरून गरगर फिरवायला लागली. रक्ताच्या पेशी खाली बसवून वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं, की मग पाझरायला काही उरत नाही, असं ती रंभाला समजावत होती.

पार्वतीबाईंनी मान वळवली. आवाज पार बसलेला होता. "काय गं पोरी, आइस्क्रीम करतीस व्हय?"

"नाही मावशी. आइस्क्रीमला बर्फ लागतो."

आबा हात पाठीमागं बांधून दारात उभे होते. नमुना घेतला जात असताना दुसऱ्याच्या हाताकडं बघत उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ.

दुपारी दौंडला परत. आकडा येईपर्यंत लॅबच्या पायरीवर दीड तास. कमी आला तर गोळी सुरू होणार. म्हणजे चार दिवसांच्या यातना आपण दिल्या. तेवढाच आला तर आपण निर्दोष; म्हणजे तिला गोळी नाही. आपण दोषी ठरावं, अशी प्रार्थना माणूस कुणाला करणार? विहारात वंदना म्हणायची त्यांना सवय होती, मागायची नव्हती. ते नुसते बसून राहिले.

"पाच पॉइंट तीन," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजी पास का नापास?"

"नापास नाही."

"मंग पास?"

"पासही नाही. थोडं वर आहे. मागच्या आकड्यात बर्फाचं किती आणि गोळीचं किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आज त्यांच्या अंगात आधीची गोळीही नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणताना कसं आणलं, हे मीही विचारायला हवं होतं. गोळी अर्ध्यानं सुरू करा. शहाळं बंदच. माया दर सोमवारी येऊन रक्त नेईल. वाढलं तर पुन्हा विचार करू."

आबा दिवस मावळायच्या आत घरी पोचले. डबा खाली काढला. लाल चिठ्ठी नखानं खरवडून काढली. चिकट डाग राहिला. अर्धी गोळी पार्वतीबाईंच्या जिभेवर ठेवली, भांड्यानं पाणी दिलं आणि स्टुलावर बसले. रंभा चुलीपाशी होती. अर्ध्या तासानं पार्वतीबाईंच्या मुठीतून पदराचं टोक सुटलं.

न सांगताही चाललं असतं. माया दौंडला, डॉक्टर दौंडला. डॉक्टरांचं मत बदललं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर खाली एक रेघ असते, नमुना घेणाऱ्याच्या सहीची, आणि ती रेघ रिकामी सोडून आबांनी कधी बाटली दिली नव्हती.

"पार्वते, त्यो रिपोर्ट माझ्यामुळं बिघडला," ते म्हणाले. "तुझं रक्त मी बर्फात नेलं. न्यायचं नसतं. चार दिस तुला गोळी न्हाई मिळाली, ती माझ्यापायी."

पार्वतीबाईंनी वरच्या पत्र्याकडं नजर लावली. आबांना मनगट धरायचं होतं, पण हात पुढं जाईना.

"कंपनीत बी बर्फातच नेता?"

"नियम हाय तिथं."

"बारा वरीस?"

"बारा वरीस."

"मंग ती लाल चिठ्ठीची पिंपं," पार्वतीबाई सावकाश म्हणाल्या, "त्यातली बी किती चांगली असत्याल. बिचारी." आणि थोड्या वेळानं, "वराडता बी येत न्हाई त्येंना."

तिथल्या मालाचं वेगळं असतं, हे सांगायची ही वेळ नव्हती. आणि आता त्यांना त्याची तेवढी खात्रीही राहिली नव्हती.

"आन् पुढच्या सोमवारी परत वाढलं तर? पुन्हा गोळी बंद?"

"बघू."

"बघू म्हंजी काय?"

"म्हंजी म्हाईत न्हाई," आबा म्हणाले.

हे उत्तर पार्वतीबाईंना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले. आबांनी खिशातल्या चिठ्ठ्या चाचपल्या आणि डब्यावरच्या त्या चिकट डागावर पिवळी लावली. मग बायकोचा हात हातात घेतला. या खेपेला घड्याळ खिशातच राहू दिलं.

"मोजताय का नुसताच धरलाय?" पार्वतीबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"नुसताच," आबा म्हणाले, आणि ओठ न हलवता पुढं गेले: एकतीस, बत्तीस, तेहेतीस.